ट्रे आत गेल्यावरचा आवाज

आधी आंटीचं सांगते, मशीनचं नंतर. मशीनचं आधी सांगितलं की लोक म्हणतात, "वा, आपली आपण शिकलीस हो!" आणि तिथेच माझं डोकं फिरतं. मी आपली आपण काहीही शिकलेले नाही. मला आंटीने शिकवलं. जे कोणी हे वाचेल त्याने आधी एवढं मान्य करावं, मग पुढे यावं.

आंटी म्हणजे आमच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेणारी बाई. कंपनी म्हणजे मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. ऑफिसांना प्रिंटर भाड्याने द्यायचे आणि ते बिघडले की माणूस पाठवायचा, हा धंदा. गाळ्यात शिरलं की डाव्या हाताला टेबल, टेबलावर फोन, फोनच्या मागे आंटी. मरोळच्याच जुन्या गावठाणातली, ख्रिस्ती. फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात बारीक क्रॉस, आणि मराठी अशी की सुरुवातीला मला वाटायचं ही कायम चिडलेलीच आहे. "आयक गो बाय," एवढं ती म्हणाली की मी दोन पावलं मागे सरकायची. पुढे कळलं की तिचं प्रेमाचं बोलणंसुद्धा त्याच पट्टीत असतं.

मी वाशीमकडची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी फाट्यावरून एसटी पकडायची, ती एका वर्षी यायची बंद झाली आणि तिच्याबरोबर माझी शाळाही. मग मुंबईतल्या मावसबहिणीला बाळ झालं तेव्हा तिच्या हाताखाली म्हणून मला घाटकोपरला धाडलं, असल्फ्याच्या टेकडीवर. बाळ चालायला लागलं. मी परत जायचं ते गेले नाही, मरोळच्या गाळ्यात टोनर भरायला लागले.

टोनर म्हणजे प्रिंटरची शाई, पण ती पूड असते. काजळाहून बारीक. रिकाम्या डब्या फोडायच्या, झटकायच्या, भरायच्या, सील करायच्या. तोंडाला फडकं बांधलं तरी रात्री नाक शिंकरलं की रुमाल काळा. त्या टेबलाला खिडकी नव्हती. बसून करायचं काम, मान खाली, आणि दिवसभर कोणी बोलायचं नाही. कॉलवर जाणारी पोरं, म्हणजे ऑफिसांत जाऊन मशीन दुरुस्त करणारी, पाठीला बॅग लावून यायची-जायची आणि जाताना मला चिडवायची. माझ्या तोंडात "का" च्या जागी "काहून" येतं, तर माझं नावच "काहून मॅडम" पडलं.

"काहून मॅडम, डबी भरली का?"

"भरली."

"काहून भरली?"

आणि सगळे हसायचे. मी पण हसायची. न हसून काय करणार?

एका दुपारी डबा खाता खाता आंटी फोनवर कोणालातरी सांगत होती, "ट्रे भायेर काढ. काढला? आता आत ढकल. फोन खाली मशीनजवळ धर नि बोलू नको." मग तिने डोळे मिटले, जसं चर्चमध्ये मिटतात तसे. थोड्या वेळाने म्हणाली, "कागद जास्ती भरलाय. थोडा काढ, परत लाव." फोन ठेवला आणि भाकरीचा तुकडा तोडला.

मी विचारलं, "कागद काहून काढायला लावला? कसं कळलं तुम्हाला?"

पोरं खुसखुसली. आंटीने त्यांच्याकडे एक कटाक्ष टाकला. "विचारते तरी ही. तुम्ही नुसते हां हां करता." आणि मला म्हणाली, "इथे ये, बस."

तिने समजावलं ते असं. प्रिंटरचा ट्रे म्हणजे आपल्याला खण वाटतो. पण तो नुसता खण नाही. आत तळाला पत्र्याची फळी असते, तिच्यावर कागद. ट्रे आत ढकलला की मशीनमधली एक छोटी मोटर ट्रेच्या कडेच्या दातेरी चाकाला धरते आणि ती फळी हळूहळू वर उचलते. वरचा कागद रबरी चाकाला टेकला की मोटर थांबते. फळी उचलली नाही तर मशीनला वाटतं कागदच नाही. गठ्ठा भरलेला असतो आणि मशीन म्हणते कागद भरा. ऑफिसात सगळ्यात जास्त शिव्या या एका गोष्टीवरून पडतात.

"आणि हे सगळं ट्रे बंद झाल्यावर होतं," आंटी म्हणाली. "उघडून बघायला गेलीस तर फळी लगेच खाली बसते. कोणाला दिसत नाय. म्हणून आयकायचं."

गाळ्याच्या कोपऱ्यात एक भंगारात काढलेली मशीन होती, तिचा दुसरा काही उपयोग नव्हता. रोज दुपारी डबा झाला की आमचा खेळ. आंटी भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मी मुद्दाम काहीतरी बिघडवून ट्रे ढकलायची. कागद आवळणाऱ्या पट्ट्या घट्ट केल्या की मोटर कण्हल्यासारखी करायची. कागद सादळलेला असला की आवाज जड. ट्रे नीट आत बसला नाही की आवाजच नाही, नुसती शांतता, आणि आंटी म्हणायची, "आळशी गो तू, नीट ढकल." तिचं कधी चुकायचं नाही असं नाही. चुकलं की ती मोठ्याने स्वतःलाच शिवी द्यायची आणि मग पाव हातात धरून बराच वेळ विचार करायची. मग माझी पाळी. मी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. पहिल्यांदा बरोबर ओळखलं तेव्हा आंटीने टाळी वगैरे वाजवली नाही. "हां," एवढंच म्हणाली. तो "हां" मी असल्फ्याच्या पायऱ्या चढेपर्यंत तोंडात घोळवत नेला.

पुढे एक पोरगा नोकरी सोडून गेला तेव्हा आंटीने साहेबांना सांगितलं, "हिला पाठव कॉलवर." साहेब म्हणजे कंपनीचे मालक. ते म्हणाले, "ऑफिसात इंग्लिश बोलावं लागतं. रिपोर्ट लिहावा लागतो." आंटी म्हणाली, "मशीन इंग्लिश बोलते काय? पाठव." तिने माझी हमी घेतली. मला हे नंतर कळलं. हमी घेणं म्हणजे काय हे मला चांगलं कळतं. आपल्या चुकीसाठी दुसऱ्याची मान पुढे असते.

म्हणून मी कॉलवर निघाले की भीती. बॅग उघडून स्क्रूड्रायव्हर आहे का बघायचं, बंद करायची, परत उघडायची. लिफ्टमध्ये आरशात बघायचं नाही. रिसेप्शनवर काय बोलायचं ते जिन्यात पाठ करायचं. आजही तसंच आहे, खोटं कशाला सांगू. पण मी गेले. दर वेळी गेले.

आता मुलुंडचं.

मुलुंडला औषधांच्या डिस्ट्रिब्यूटरचं ऑफिस आहे. दिवसभर बिलं छापतात. त्यांच्या मशीनला दोन ट्रे, खालचा मोठा. नवरात्राच्या आधी मी तिथे जाऊन खालच्या ट्रेवरचं कागद ओढणारं रबर बदलून आले होते. काम चांगलं झालं होतं. अकाउंट्समधल्या मॅडमनी चहासुद्धा दिला. त्या ऑफिसात अकाउंट्सला सगळ्या बायकाच, आणि या मॅडम त्यांच्यात मोठ्या, सगळ्या त्यांना ताई म्हणायच्या. मीही ताईच म्हणू लागले.

दसरा झाला आणि तिथून फोन आला. "लिफ्ट बंद आहे."

आंटी म्हणाली, "बाबा, बिल्डिंगची का मशीनची?"

मशीनचीच होती, म्हणजे ती फळी उचलणारी. मी गेले. ट्रे ढकलला, कान लावला. मोटर सुरू झाली, आणि मध्येच कट्, कट्, असा आवाज, मग गप्प. स्क्रीनवर लिफ्ट एरर. बघते तर कागद खुणेच्या रेषेच्या वर भरलेला. मला वाटलं, झालं, मिळालं. काढला थोडा, लावला, चालली. मी खुशीत परत.

पुन्हा फोन. पुन्हा तेच. या वेळी मी ट्रे पुसला, पट्ट्या सैल केल्या, वरचा-खालचा कागद अदलून पाहिला. चालली. मी जिन्यात असतानाच बंद पडली असणार, कारण मरोळला पोहोचायच्या आत फोन येऊन गेला होता.

तिथल्या ॲडमिनच्या सरांनी थेट साहेबांना गाठलं होतं. हे सर वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्या डोक्यावर बिलांचा गठ्ठा होता आणि मशीन उभी होती. त्यांनी काय सांगितलं ते साहेबांनी मला जसंच्या तसं ऐकवलं: "त्या मुलीने हात लावल्यापासून मशीनची वाट लागलीय. इंजिनियर पाठवा."

"उद्या सिनियर जाईल," साहेब म्हणाले. "आणि तू टोनरवर बस. प्रयोग पुरे झाला."

प्रयोग. मी प्रयोग होते.

रात्रभर आईला फोन लावावा की नाही हा विचार केला आणि लावला नाही. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ये मग घरी. तेच मला ऐकायचं नव्हतं.

सकाळी मी टोनरच्या टेबलावर फडकं बांधत होते तेव्हा मुलुंडचा फोन आला. सिनियर पवईला एका मोठ्या ऑफिसात अडकले होते. आंटीने फोन ठेवला आणि म्हणाली, "ऊठ."

"कुठे?"

"मुलुंड."

"साहेबांनी तर..."

"साहेबाला मी बघते."

"पण काहून? तुमची पण नोकरी जाईल, आंटी."

"कारण ती मशीन तुझी हाय. आवाज तू आयकलास. सिनियर जाऊन अख्खा ट्रे बदलेल, आणि सगळे म्हणतील पोरीने तोडला. तुला ते चालतं का?"

मला ते चालत नव्हतं. मी फडकं सोडून टेबलावर ठेवलं. काळ्या पुडीवर ते पांढरं दिसत होतं.

मुलुंडला पोहोचले तर ॲडमिनचे सर दारातच. "तू? मी इंजिनियर मागितला होता."

"मीच आले आहे."

"अगं, हे बघ, माझ्याकडे टाइम नाहीये..."

"माझ्याकडे पण नाहीये, सर. आज ही मशीन सुरू केल्याशिवाय मी जाणार नाही. वॉचमनला बोलवायचं तर बोलवा."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडून निघालं आणि माझी मलाच भीती वाटली. मागून अकाउंट्समधली एक जण हळूच म्हणाली, "करू द्या ना सर, नाहीतरी बंदच आहे." मी सरांच्या बाजूने मशीनपाशी जाऊन खाली मांडी घातली.

ट्रे ढकलला. कट्, कट्. गप्प. बाहेरून जेवढं ऐकू येत होतं तेवढं मी ऐकून चुकले होते. मग मी आंटीला फोन लावला. ए-फोर कागद भरला की ट्रेमध्ये मागे थोडी जागा रिकामी राहते, मोठा कागद लागला तर असावी म्हणून. मी चालू फोन त्या जागेत आडवा ठेवला आणि ट्रे आत ढकलला.

"अरे, ही मोबाईल घातला आत!" कोणीतरी ओरडलं.

"शू," मी म्हणाले. औषधांचं अख्खं ऑफिस गप्प झालं.

मोटर फिरली. कट्, कट्. मी ट्रे ओढून फोन कानाला लावला.

"परत," आंटी म्हणाली.

परत घातला. परत काढला.

"दात चांगला हाय," आंटी हळू बोलत होती, डोळे मिटून बोलते तशी. "दात तुटला असता तर घसरल्यासारखं झालं असतं. हे तसं नाय. हे कसं हाय सांगू, भात खाताना खडा लागतो ना दाताखाली? तसं हाय. काय तरी चावते गो ती."

भातातला खडा. मी कागद सगळा बाहेर काढला. फळी हाताने वर करून खाली पाहिलं, काही नाही. आधीच्या दोन्ही वेळी मी याच्या पुढे गेले नव्हते. आता ट्रे पूर्ण बाहेर ओढला, शेजारच्या टेबलावर पेपर पसरला, ट्रे त्याच्यावर पालथा केला आणि कडेला, दातेरी चाकावरच्या झाकणापाशी, मुठीने ठोकला.

तांदूळ पडले.

पिवळे, हळद लावलेले. एक, दोन, मग भुरभुर. झाकण काढलं तर चाकाच्या दातांत दोन दाणे पिठासारखे भरडलेले, आणि कोपऱ्यात हळकुंडाचा एक छोटा तुकडा.

सगळे जमले होते. मग एक अगदी तरुण मुलगी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "ताई, ओटी!"

झालं होतं असं. खंडेनवमीला ऑफिसातल्या मशीनींची पूजा. हार, फुलं, कुंकू, सगळीकडे करतात, आमच्या गाळ्यातसुद्धा करतो. पण इथे अकाउंट्सच्या बायकांनी नवरात्राच्या रंगाच्या साड्या नेसून फोटोबिटो काढले आणि मग कोणीतरी म्हणालं की ही मशीनच आपली देवी, वर्षभर हीच आपल्याला सांभाळते, हिची ओटी भरू. ओटी भरायची तर पदर पाहिजे. मशीनला पदर कुठला? तर ताईंनी खालचा ट्रे ओढला. पुढे आलेला, रिकामा, ओंजळीसारखा. त्यात खण, नारळ, हळकुंड, सुपारी, तांदूळ. नंतर खण-नारळ काढून घेतलं, तांदूळ हाताने गोळा केले, कागद परत भरला. गोळा न झालेले दाणे फळीच्या फटीतून खाली गेले, आणि ट्रे उघडताना-मिटताना सरकत सरकत एक दिवस चाकाच्या दाताखाली पोहोचले.

नारळ कोणी फोडला होता? ॲडमिनच्या सरांनी. तेही त्यांना तिथल्या तिथे आठवलं, कारण त्यांचे कान लाल झाले.

मी चाक ब्रशने साफ केलं. ट्रे लावला. मोटरचा आवाज आला, एकसारखा, गुळगुळीत, आणि योग्य जागी थांबला. मी पुन्हा काढून लावला, पुन्हा तसाच. बिलं निघू लागली. अकाउंट्सच्या बायका हसायला लागल्या, आधी दबून आणि मग चांगल्याच. "देवीला अपचन झालं गं!" असं काहीतरी. मला पण हसू येत होतं, पण मी बॅगेतून रिपोर्टचा कागद काढला, कारण माझं काम अजून संपलं नव्हतं.

सर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ऐक ना. ते तांदळाचं लिहू नकोस. मशीन भाड्याची आहे, वर कळलं तर मला विचारतील पूजा कशाला केली. गिअर खराब होता, एवढंच लिही. तुझं काय जातंय?"

ते गोडीने बोलत होते. आमच्याकडे गोडीने बोलणाऱ्याला नाही म्हणायची सवय नाही, निदान माझ्यासारखीला नाही. मी होच म्हणणार होते. होकार ओठांवर आला होता. आणि मग मला ते फडकं दिसलं, टोनरच्या टेबलावर ठेवून आलेलं.

"माझं काय जातंय?" मी म्हणाले. आवाज कापत होता, तो मी तसाच कापू दिला. "गिअर खराब लिहिलं तर साहेब म्हणतील, दोनदा जाऊन आलीस आणि खराब गिअर दिसला नाही. माझं कॉलवर जाणं जातं, सर. आणि जिने मला पाठवलं तिचंही जातं. मी खोटं नाही लिहिणार."

"खोटं काय त्यात, थोडं ॲडजस्ट..."

"तुमची चूक आहे असंही मी लिहिणार नाही. पूजा ही काही चूक नाही. पण तांदूळ होते, ते मी लिहिणार."

रिपोर्ट इंग्लिशमध्ये लिहायचा असतो. माझं इंग्लिश म्हणजे इतर पोरांच्या रिपोर्टातली वाक्यं बघून उतरवायची. तांदूळ दाताखाली आले हे वाक्य कोणाच्याच रिपोर्टात नव्हतं. मी मराठीत लिहिलं. मोठ्या अक्षरात, सातवीत लिहायची तसं: ट्रेच्या चाकात ओटीचे तांदूळ होते. काढले. चाक चांगले आहे. मशीन चालू.

खाली ग्राहकाची सही लागते. मी कागद सरांपुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला. मी कागद खाली घेतला नाही. किती वेळ धरला होता कोण जाणे, मला तो फार वाटला.

मग ताई पुढे आल्या. चष्मा नाकावर सरकवला, वाचलं आणि म्हणाल्या, "ओटी मी भरली, तर सही मीच करते. आणा इकडे पेन."

"ताई, तुम्ही कशाला..." सर म्हणाले.

"तुम्ही नारळ फोडला, मी काही बोलले का?" ताईंनी सही ठोकली. जाताना मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ओटी कुठे भरायची ते पण सांगून ठेव."

"बाहेर," मी म्हणाले. "मशीनच्या डोक्यावर. आत नाही."

मरोळला परतले तर साहेब आंटीच्या टेबलापाशी उभे. दोघांचं आधीच काहीतरी झालेलं होतं, आंटीच्या मानेवरून कळत होतं. मी पोटाशी बॅग धरून उभी राहिले.

"मी टोनरवर बस म्हणालो होतो."

"हो."

"मग?"

"मी टोनरवर बसणार नाही, साहेब." मला वाटलं होतं मी कारण सांगेन, माफी मागेन, काहीतरी गुंडाळेन. तसं काही झालं नाही. "काढायचं तर कामावरून काढा. पण त्या टेबलावर मी परत बसणार नाही. मला मशीन ऐकता येते."

पोरं माना वळवून बघत होती. काहून मॅडम कोणी म्हणालं नाही.

साहेबांनी रिपोर्ट हातातून ओढून घेतला. वाचला. परत वाचला. "मराठीत? रिपोर्ट मराठीत?"

"मशीन मराठीतच बिघडली," आंटी फोन उचलता उचलता म्हणाली.

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसले असं मी म्हणणार नाही. त्यांनी कागद टेबलावर टाकला आणि म्हणाले, "पुढच्या दसऱ्याच्या आधी सगळ्या क्लायंटना फोन करून सांगा, आत काही घालू नका म्हणून," आणि केबिनमध्ये गेले. बस. माफी नाही, शाबासकी नाही. पण दुसऱ्या दिवशी आंटीने मला भांडुपचा कॉल दिला आणि कोणी अडवलं नाही. त्यानंतर कोणीच अडवलेलं नाही. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, हा पट्टा आता माझा. रिपोर्ट अजून मराठीतच लिहिते. साहेब अजून कुरकुरतात.

टोनरच्या टेबलावर नंतर दुसरी एक मुलगी आली. तिच्यासाठी मी साहेबांशी भांडून खिडकी नाही तर नाही, पंखा तरी लावून घेतला. दुपारी ती भिंतीकडे तोंड करून बसते आणि मी ट्रे ढकलते.

आता कंपनी तक्रारींसाठी ॲप आणते आहे. क्लायंटने फोटो काढून टाकायचा. आंटी म्हणते, "फोटोत काय दिसणार? ट्रे बंद असतो." साहेब म्हणतात, जमाना बदलला. बदलू दे. आंटी वर्षअखेरीस काम सोडून गावठाणातल्या घरी बसणार आहे, जिथे दाराशी क्रॉस आहे आणि त्याच्या पायाशी ती रोज मेणबत्ती लावते.

परवा बोलता बोलता तिने एक गोष्ट सांगितली जी मला आधी सुचायला हवी होती. इतकी वर्षं ती ऐकते आहे, पण ती फळी वर जाताना तिने कधी पाहिलेली नाही. कुठून पाहणार? कॉलवर ती कधी गेली नाही, आणि ट्रे बंद असतो. "नुसती कल्पना करते गो," ती म्हणाली. "माझ्या डोक्यात ती फळी फार मोठी हाय. वेदीसारखी."

तर आंटी, हे तुमच्यासाठी. कोपऱ्यातली ती भंगार मशीन मी साहेबांकडून मागून घेणार आहे, आणि नाही म्हणाले तर भांडून घेणार आहे. तिची एक बाजू मी कापून काढेन, चाक, मोटर, फळी, सगळं उघडं. तुमच्या ओट्यावर, क्रॉसच्या समोर ती मांडेन, घरातून वायर ओढेन. तुम्ही खुर्चीत बसायचं आणि ट्रे तुमच्या हाताने आत ढकलायचा. आणि त्या दिवशी, आंटी, डोळे मिटायचे नाहीत.